सन सिटीहून, ती. आई-बाबांना

सन सिटी, ॲरिझोना
चैत्र

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र पोचलं. शेजारच्या मुलानं फोटो पाठवताना पानं उलटसुलट केली होती, पण ती जुळवायला वेळ लागला नाही. अक्षर अजून तसंच आहे, पाटबंधारे खात्याच्या मोजमाप पुस्तकात शोभेल असं. उत्तर फोनवरच देणार होते. पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई बोलू देत नाही. म्हणून लिहितेय. दादाला सांगून मोठ्या टायपात छापून घ्या.

तुमचा पहिला प्रश्न पाण्याचा. वाळवंटात एवढी घरं आणि वर गोल्फची मैदानं, पाणी येतं कुठून? मी या निवृत्तांच्या गावात राहायला आल्यापासून तब्येत, पैसे, एकटेपणा यांबद्दल सगळ्यांनी विचारलं, पाण्याबद्दल फक्त तुम्ही. नीरा उजव्या कालव्यावर आयुष्य काढलेला माणूस दुसरं काय विचारणार म्हणा! तर ऐका. काही पाणी जमिनीतलं आणि काही कोलोरॅडो नदीचं. त्या नदीवरच्या लेक हवासू जलाशयातून उपसून सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्यानं ते आमच्या शेजारच्या फिनिक्सच्या बाजूला आणि पुढे टुसानकडे नेतात. उतारानं येत नाही हो, वाटेत पंपांनी एकूण जवळजवळ ८८० मीटर वर चढवावं लागतं. १९७३ साली काम काढलं, १९९३ साली संपलं. म्हणजे वीस वर्षं. तुम्ही उगाच आपल्याच खात्याला नावं ठेवत होतात.

फिनिक्स शहरच मुळी जुन्या कालव्यांवर वसलंय. होहोकाम नावाच्या लोकांनी सॉल्ट नदीवरून शेकडो मैलांचे पाट काढले होते, तेही लाकडी आणि दगडी अवजारांनी. लोखंड नाही, ओढायला जनावर नाही. पंधराव्या शतकाच्या सुमारास ती वस्ती मोडली. १८६०च्या दशकाच्या अखेरीस गोरे लोक आले, त्यांनी तेच बुजलेले चर उपसून पाणी सोडलं. इथल्या संग्रहालयात त्यांचा उतार काढलेला नकाशा पाहिला तेव्हा वाटलं, तुम्ही असतात तर काचेला नाक लावून तासभर उभे राहिला असतात.

गोल्फच्या हिरवळीबद्दल तुम्ही जे मनात म्हणताय तेच मीही म्हणते. फिनिक्सला वर्षाचा पाऊस फलटणच्या निम्म्यानंही पडत नाही. कोलोरॅडोचं पाणी वाटेकरी राज्यांना पुरेना झालंय, २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्याला कपात लागलीय, आणि इथे लोक गवताला पाणी पाजतात. माझ्या अंगणात गवत नाही, खडी आहे. काही जुन्या घरांपुढची खडी हिरव्या रंगानं रंगवलेली दिसते. आधी हसू आलं, आता तो प्रामाणिकपणा वाटतो.

आई, आता तुझ्यासाठी. मला कुणी इथे आणून टाकलेलं नाही. हे गेल्यावर न्यू जर्सीतलं तीन मजली घर मला खायला उठायचं, आणि हिवाळ्यात बर्फ उपसायला माणूस मिळेपर्यंत अकरा वाजायचे. तुझा नातू सिएटलला बोलवत होता. त्याच्याकडे आनंदानं महिनाभर राहते, पण जन्मभर नाही. इथे माझं स्वतःचं घर आहे, दोन खोल्या, पडवी, दारात एक लिंबू. स्वयंपाक माझा, कुलूप माझं. जिथे घर आहे तिथे पूर्वी कापूस पिकायचा. डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकानं शेतं घेतली आणि १ जानेवारी १९६० ला पाच नमुन्याची घरं, एक गोल्फचं मैदान, एक दुकानांची रांग आणि एक करमणूक केंद्र दाखवायला उघडलं. पहिल्याच शनिवार-रविवारी जवळपास लाखभर माणसं बघायला लोटली म्हणतात. निवृत्त माणसाला आराम नको, उद्योग हवा, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

नियम असा, की प्रत्येक घरात निदान एक जण पंचावन्न पुरा केलेला हवा आणि एकोणिसाच्या आतलं कुणी कायमचं राहायचं नाही. तुझी पणती नाताळच्या सुट्टीत आली होती, तिला पाहुणी म्हणून ठरावीक दिवसच मुभा. तलावात पोरांनी उतरायचे तासही ठरलेले. ती पाण्यात ओरडायला लागली तेव्हा दोन आजोबांनी भुवया चढवल्या आणि एका आजींनी खुर्ची ओढून तिच्याजवळ आणली. म्हणजे माणसं सगळीकडे सारखीच.

यातली एक गोष्ट मात्र तुला अजिबात रुचणार नाही, आणि मलाही रुचली नाही. सुरुवातीच्या वर्षांत हे गाव शेजारच्या पिओरियाच्या शाळांच्या हद्दीत होतं. शाळा बांधायला कर्जरोखे काढायचे ठरले, की इथले लोक मतदानाला लोटायचे आणि प्रस्ताव पाडायचे, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी त्या लोकांनीच कंटाळून सन सिटीला हद्दीबाहेर काढलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तू पदरचे खडू नेऊन शिकवलंस, तुझ्या लेकीनं अशा गावात घर घेतलंय. मी गुरुवारी पलीकडच्या गावातल्या शाळेत मुलांना वाचून दाखवायला जाते. फार काही नाही, पण जाते.

दिवस कसा जातो, असं तू दर वेळी विचारतेस. दिवस पुरत नाही, आई. पहाटे सहाला तलावात पाण्यातले व्यायाम. बाबांनी कालव्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं, तेव्हा किती रडले होते मी. आता त्याच जोरावर सगळ्यांच्या पुढे असते. आठवड्यातून एका सकाळी पिवळं जाकीट घालून रस्त्याकडेचा पाचोळा आणि कचरा उचलायला. बाबा, हसू नका. या गावाला नगरपालिका नाही, नगराध्यक्ष नाही. कारभार मॅरिकोपा परगण्याचा. त्यामुळे बरीचशी कामं लोकच करतात. झाडलोट करणाऱ्या या मंडळींना प्राइड्स म्हणतात. माझ्याबरोबर एक निवृत्त न्यायाधीश असतात, त्यांना खराटा धरायला मी शिकवलं.

आणि सर्वांत मोठी बातमी, मी सुतारकाम शिकतेय. इथे क्लब शंभराच्या वर आहेत. मातीकाम, शिवण, रत्नं घासणं, पत्ते, नाच. पंचावन्नच्या पुढच्या बायकांचं एक नृत्यपथक आहे, चकचकीत कपडे घालून मिरवणुकीत कसरती करतं. त्यात मी नाही, काळजी नसावी. सुतारखान्यात आधी यंत्रं कशी हाताळायची ते शिकवतात, मगच करवतीला हात लावू देतात. इथे मेस्किट म्हणून झाड आहे, शेंगांचं, काटेरी. पहिल्याच दिवशी पान बघून ओळखलं, अहो, ही तर आपली वेडी बाभूळ! त्याच जातकुळीतली. कालव्याच्या भरावावर माजते म्हणून तुम्ही जिला जन्मभर शिव्या दिल्यात, तिचं लाकूड इथे महागामोलाचं आहे. तांबूस, जड, तासताना गोडसर वास येतो. त्याचा मी एक पाट केलाय. चारी पाय जमिनीला टेकत नाहीत, एक किंचित उचललेला राहतो. आईला बसायला नाही, देवापुढे ठेवायला चालेल.

या महिन्यात कुरडयाही घातल्या. चीक शेजारणीच्या मोठ्या पातेल्यात शिजवला. ती मिनेसोटाची, टपाल खात्यातून निवृत्त झालेली. सकाळी घातलेली कुरडई दुपारी कडकडीत. बाहेर डोक्यावर तुरा असलेल्या लाव्यांची अख्खी पलटण फिरत असते, त्यांना हाकलायला ती बाई छत्री घेऊन बसली होती. तळून दिल्यावर म्हणाली, पुढच्या वर्षी दुप्पट करू.

उन्हाळा मात्र कठीण, खोटं सांगत नाही. फलटणचा मे इथे पाच महिने चालतो. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. थंड पाण्याचा नळ सोडला तरी गरमच पाणी येतं, गाडीचं चाक धरायला हातमोजे लागतात. तेव्हा आमचं वेळापत्रक वटवाघळांचं होतं. हिवाळ्यापुरते आलेले थंड प्रदेशातले लोक आता घरं बंद करून निघालेत. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांचे पडदे उतरलेत. पुढचे महिने थोडे सुने जातील.

तू विचारलंस, रात्री काही झालं तर कोण बघतं. माझ्या घराची एक किल्ली त्या मिनेसोटावालीकडे, तिची माझ्याकडे. सकाळी सातपर्यंत माझा पडदा सरकला नाही की ती फोन करते. मनगटावर घड्याळ आहे, मी पडले तर ते तुझ्या नातवाला कळवतं. गावातले स्वयंसेवक गाडीतून गस्त घालतात, कुणी बाहेरगावी गेलं असेल तर त्याच्या घरावर नजर ठेवतात. दवाखान्याचे, इच्छापत्राचे कागद करून ठेवलेत. हे वाचून तुझे डोळे भरतील, पण मला हे कागद झाल्यापासून शांत झोप लागते.

एकटं वाटतं का? हो, वाटतं. संध्याकाळी. इथले लोक साडेचारला जेवतात आणि सहाला दारं लावतात. तेव्हा मी छोटी गाडी काढते, गोल्फची, पण नंबरप्लेटवाली, आणि गोल गोल रस्त्यांनी तळ्यापर्यंत जाऊन येते. आणि माणसं जातात, तेही आहेच. सुतारखान्यात एखादा ॲप्रन खुंटीवरच राहतो. कुणी मोठा गाजावाजा करत नाही, अर्धवट राहिलेलं कपाट दुसरा कुणीतरी पुरं करून त्या घरी पोचवतो. मला ही रीत बरी वाटली.

तेव्हा बाबा, 'परत ये, आपण तिघं दादाकडे पुण्याला राहू' या तुमच्या बोलण्याला माझं नाही समजा. दादावर माझा राग नाही, त्याचा फ्लॅटही चांगला आहे. पण सातव्या मजल्यावर तुम्हाला कोण ओळखतं? फलटणला तुम्ही दारात बसलात तरी दहा जण थांबतात, पालखीच्या वेळी आईच्या हातचं पिठलं खायला ठरलेली दिंडी येते. ते सोडू नका. मी माझं घर सोडत नाही, तुम्ही तुमचं सोडू नका. डिसेंबरमध्ये दोन महिन्यांसाठी येतेय, तिकीट काढलंय.

मात्र त्या घरात राहायचं तर माझं ऐकावं लागेल. इथे बऱ्याच न्हाणीघरांत भिंतीला धरायला दांडे असतात, संडासाजवळ, शॉवरजवळ. ऐंशीच्या माणसाला असतात, तसे माझ्यासारख्या त्रेसष्टच्या बाईलाही. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. तुम्ही मात्र दादानं आणलेली काठी कपाटामागे लपवता, हे मला आईनं सांगितलंय. तिच्यावर रागावू नका. पुढच्या सोमवारी मिस्त्री येईल, दांडे आणि चार स्क्रू यांचे पैसे मी दिलेत. मागच्या वेळेसारखं त्याला चहा पाजून परत पाठवू नका. न्हाणीतल्या गुळगुळीत फरश्या काढून खडबडीत घालायला सांगितल्यात. आणि रात्री झोपायला जी बाई बघितलीय, ती आईच्या ओळखीतलीच आहे, तिच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. तिला महिनाभर ठेवून बघा, नंतर हवं तर माझ्याशी भांडा.

फोन रोजच्या वेळी करीनच, माझे सकाळचे सात, तुमचे संध्याकाळचे साडेसात. इथे घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्याला पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे आईनं भिंतीवर चिकटवलेला तो न्यू जर्सीचा तक्ता आता काढून टाका.

दोघांनी गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
बेबी

ता. क. आई, कुरडयांचा चीक यंदा थोडा आंबट झाला. गहू तीन दिवस भिजवायचे की चार?