प्रोसेसर दुप्पट करण्याआधी मोजा तरी, साहेब!

मा. मंत्रिमहोदय यांस,
स. न. वि. वि.

शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत काल मध्यरात्री संपली. पोर्टल संध्याकाळीच संपलं होतं. कुठलं पोर्टल ते लिहीत नाही. आपल्याला माहीत आहे, आणि मला माझं केंद्र चालू ठेवायचं आहे. आज खात्याचा खुलासा वाचला. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकदम गर्दी केली, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले, सबब आता दुप्पट क्षमतेची यंत्रं घेणार. गेल्या वर्षी याच सुमारास आपण शब्द दिला होता की पुन्हा असं होणार नाही. तेव्हाही यंत्रंच घेतली होती.

मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. त्याआधी पुण्यात एका होस्टिंग कंपनीत रात्रपाळीला सर्व्हर सांभाळायचो, म्हणून हे धाडस. विनंती एकच आहे. निविदा काढण्याआधी तो प्रोसेसर नेमकं कोण खातंय हे मोजा आणि मोजलेलं लोकांसमोर ठेवा.

आपलं पोर्टल प्रत्येक उत्तरासोबत स्वतःची कुंडली सांगतं, ती लपवायचीही तसदी कुणी घेतलेली नाही: अपाची (पानं पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर), त्यावर पीएचपी ५.६ (पोर्टलचा कोड चालवणारी भाषा). या पीएचपीच्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ च्या डिसेंबरात बंद झाल्या. अपाचीची आतली मांडणी मला बाहेरून दिसत नाही, पण लक्षणं जुन्या 'प्रीफोर्क' पद्धतीची आहेत. त्यात प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची एक चालती प्रत, अडकते. तहसीलमध्ये माणसागणिक एक कारकून द्यावा आणि समोरचा चष्मा शोधत असला तरी त्या कारकुनाने जागचं हलू नये, तसला प्रकार. आमच्याकडचं मोबाइल नेटवर्क रांगतं, त्यामुळे चष्मा शोधणारे फार.

मूळ सेटिंगमध्ये अशा जास्तीत जास्त २५६ प्रोसेस चालतात. पीएचपीसकट एकीला ४० एमबी मेमरी धरली तर १० जीबी. (४० हा माझा अंदाज. भांडायचं असेल तर ३० धरा.) गर्दी वाढली म्हणून कुणी शहाण्याने तो आकडा २००० केला असेल, तर ८० जीबी. मेमरी संपली की यंत्र स्वॅपवर जातं, म्हणजे मेमरीऐवजी हळू डिस्क वापरू लागतं. मग प्रोसेसर अर्ज भरून घेत नाही, या प्रोसेसवरून त्या प्रोसेसवर उड्या मारत आणि मेमरीची पानं आतबाहेर करत बसतो. 'टॉप' (यंत्राचा वेळ कुठे जातो ते दाखवणारी आज्ञा) लावून बघायला सांगा: 'युजर' (प्रोग्रामचं काम) किती, 'सिस्टीम' (यंत्रणेची स्वतःची कामं) किती, 'वेट' (डिस्कची वाट) किती. लोड ॲव्हरेज (ताटकळलेल्या कामांचा सरासरी आकडा) आभाळाला टेकलं म्हणजे प्रोसेसर दमला असं नसतं. लिनक्समध्ये (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम) डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात. हा फरक कळणारा एक माणूस खात्यात असेल ना? का तोही कंत्राटी होता आणि गेला?

हे काही नवं ज्ञान नाही. एका सर्व्हरवर एकाच वेळी दहा हजार कनेक्शन कशी पेलायची, हा प्रश्न प्रोग्रामर डॅन केगेलने १९९९ मध्ये मांडला. इगोर सिसोयेव्ह या प्रोग्रामरने २००२ मध्ये एनजिनएक्स हे अपाचीसारखंच सर्व्हर सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि २००४ मध्ये ते सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. त्यात मोजक्याच प्रोसेस हजारो कनेक्शन सांभाळतात. खुद्द अपाचीमध्येही २०१२ च्या २.४ आवृत्तीपासून 'इव्हेंट' पद्धत (रिकाम्या कनेक्शनवर प्रोसेस न अडकवणारी) भरवशाची झाली. चित्रं, स्टाइलशीट, जाहिरातीतले आपले हसरे फोटो अशा तयार फायली द्यायला यातलं काहीही लावा, प्रोसेसर फारसा तापत नाही. खरा खर्च पीएचपी आणि डेटाबेसमध्ये होतो, आणि तिथे एनजिनएक्स जादू करत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तीच कोडची ओळ दोन्हीकडे तेवढीच महाग. मात्र पीएचपी ७ आलं तेव्हा बऱ्याच कामांचा वेग जवळपास दुप्पट झाला होता. म्हणजे तुमची दुप्पट क्षमता एका फुकटच्या अपग्रेडमध्ये होती! कोड थोडा दुरुस्त करावा लागला असता, एवढंच.

पण कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलीतल्या ओळीची फीत कापता येत नाही. यंत्राची येते. यंत्राचं बिल निघतं, बिलाबरोबर काय काय निघतं ते मी लिहू नये आणि आपण विचारू नये. सर्वात कमी दराची निविदा, त्यावर उपकंत्राटदार, त्याचा उपकंत्राटदार, आणि शेवटी वीस हजार पगारावरचा एक पोरगा, ज्याला रात्री अकराला फोन करून पोर्टल परत चालू करायला सांगतात. तो पोरगा मी होतो. त्याला दोष देऊ नका.

आणि इकडे शिव्या खातो कोण? काल माझ्या दारात रांग होती. ऊसतोडीला गेलेला एक बाप मुलीच्या अर्जासाठी मजुरी बुडवून आला होता. तो मला म्हणाला, पैसे हवेत म्हणून सर्व्हर डाऊन सांगतोस का. अर्ज दाखल झाला तरच मला चार पैसे मिळतात, पण वीज, जनरेटरचं डिझेल आणि गावातली अब्रू माझीच जाते. बायको म्हणते, पुण्याचीच नोकरी बरी होती. तिला काय उत्तर देऊ तेही खुलाशात घाला.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये सेवेला उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद आहे. उत्तम. पण मुदत मोजायची अर्ज मिळाल्यापासून. अर्ज दाखलच होत नसेल तर उशीर कुणाचा? पोर्टल जितकं बंद, तितकी खात्याची पाटी कोरी. ही सोय कुणाच्या डोक्यातून आली, की आपोआपच जमून आली?

माहिती अधिकाराचा अर्ज मी आज कागदावर केला आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कालच्या दिवसाच्या प्रोसेसर आणि मेमरीच्या नोंदी मागितल्या आहेत, आणि गेल्या खरेदीआधी केलेल्या लोड चाचणीचा (गर्दी पेलते का याच्या तपासणीचा) अहवाल. चाचणी झालीच नसेल तर तसं एका ओळीत, सही-शिक्क्यासह लिहून द्या. आणि अर्जाची मुदत वाढवा, ती मात्र आजच.

आपला,
एक सेवा केंद्रचालक