कादंबरी छापायला जाण्यापूर्वी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत पाठवलेले बाड म्हणजे माझ्या कादंबरीचा पक्का खर्डा आहे. तो प्रकाशकाकडे जाण्याआधी तुम्ही दोघांनी वाचावा आणि त्यात आपल्या घरातून जे काही आले आहे त्याला तुमची संमती असावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हे फोनवरही बोलता आले असते. पण दादाचा विषय निघाला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई बोलणे हवापाण्याकडे वळवते, तेव्हा म्हटले, सविस्तर लिहावेच.

कादंबरी साधी आहे. एका वृद्ध जोडप्याची तरुण मुलगी अकस्मात जाते आणि तिने पाळलेली कुत्री त्यांच्याकडे राहते. त्या दोघांना जन्मात कधी कुत्र्याची आवड नव्हती. दादाच्या जागी मी मुलगी केली आहे, मोत्याच्या जागी एक काळी, कान चिरलेली कुत्री आणली आहे आणि बाबांचा पेशाही बदलला आहे. तरीही पहिल्या दहा पानांतच तुम्हाला आपले घर ओळखू येईल, आणि ते तुमच्यापासून लपवावे असे मला मुळीच वाटत नाही.

संपादकांनी एक सूचना आग्रहाने केली होती. काही प्रकरणे कुत्रीच्या तोंडून सांगावीत, असे त्यांचे म्हणणे होते. तशा कादंबऱ्या वाचकांना आवडतात, हेही खरे आहे. मी एक प्रकरण तसे लिहून पाहिले. त्यातली कुत्री भलतीच शहाणी होती: तिला मृत्यू कळत होता, नवरा-बायकोतला अबोला कळत होता, आणि ती त्या दोघांना जे सुनावत होती ते सगळे खरे तर माझ्याच मनातले होते. पंचतंत्रातले प्राणी बोलतात, कारण त्यांच्याकडून राजपुत्रांना नीती शिकवून घ्यायची असते. माझ्या कुत्रीला कुणाला काही शिकवायचे नाही. तिला सकाळी बाहेर जायचे असते, इतकेच, आणि त्या घराला नेमका त्याचाच उपयोग होतो. म्हणून ती शेवटपर्यंत मुकी राहिली आहे.

बाबा, महाप्रस्थानाची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगायचात. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत एकामागून एक कोसळतात, युधिष्ठिर मागे वळून न पाहता चालत राहतो आणि अखेरपर्यंत त्याच्या सोबतीला उरतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि स्वर्गात कुत्र्याला जागा नाही म्हणतो, तेव्हा सख्ख्या भावांसाठीही न थांबलेला हा माणूस त्या मुक्या सोबत्यासाठी रथात पाय ठेवायला नकार देतो. इथपर्यंत ती गोष्ट मला अपार आवडते. पुढे तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता असे निघते, आणि तिथे माझे दरवेळी बिनसते. साध्या कुत्र्यासाठी स्वर्ग सोडण्यात जे मोठेपण आहे, ते कुत्र्याच्या रूपातल्या देवासाठी सोडण्यात कसे असेल? दादा म्हणायचा की तू व्यासांना शिकवू नकोस. तरीही, माझ्या कादंबरीतली कुत्री शेवटी कुणीही निघत नाही, ती कुत्रीच राहते, हे त्या जुन्या वादातले माझे उत्तर समजा.

लिहिताना हाचिकोचीही आठवण वारंवार येत होती. टोकियोतल्या एका प्राध्यापकाचा हा कुत्रा. प्राध्यापक मे १९२५ मध्ये वारले आणि त्यानंतर मार्च १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, तो शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहायला येत राहिला. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख आला, तो देशभर प्रसिद्ध झाला आणि १९३४ मध्ये, तो जिवंत असतानाच, स्थानकासमोर त्याचा पुतळा उभा राहिला. शंका घेणारे म्हणतात की तो धन्यासाठी कुठे येत होता, तिथे लोक त्याला खायला घालत होते म्हणून येत होता. निष्ठा की खाणे, असा हा वादच मला फोल वाटतो. ज्या जागेशी धन्याची सवय जोडलेली आहे, जिथे संध्याकाळी माणसांचे लोंढे बाहेर पडतात आणि त्यातले कुणी मायेने हात फिरवते, तिथे कुत्रा जाणारच. या कारणांची वेगवेगळी वर्गवारी माणूस करतो. मोत्या अजूनही स्कूटरचा आवाज आला की कान टवकारतो, आणि शेजारची स्कूटर पुढे निघून गेली की मान पुन्हा पंज्यांवर टाकतो; तो दादाला आठवतो आहे की नुसता आवाज ओळखतो आहे, हे मी ठरवू शकत नाही आणि कादंबरीतही ठरवलेले नाही. तिथल्या म्हाताऱ्याला वाटते की ती वाट पाहते, म्हातारीला वाटते की नाही, आणि त्यावरून दोघांचे होणारे भांडण हे माझ्या मते पुस्तकातले सर्वांत जिवंत प्रकरण आहे.

दुःखाविषयी जे शास्त्रीय लिहिले गेले आहे तेही मी बरेच वाचले, कारण आपल्या अनुभवावर विसंबून लिहिले की लेखन फार लवकर ओले होते. नकार, राग, मनाशी केलेली घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था सगळ्यांना पाठ असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना त्या नंतर लावल्या गेल्या. पाच पायऱ्यांची कादंबरी लिहायला सोपी गेली असती, पण आपल्या घरात तसे काही घडले नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये जे मांडले ते मला अधिक खरे वाटले. त्यांच्या मते शोकात असलेला माणूस सतत ये-जा करत असतो: घटकाभर गेलेल्या माणसाजवळ, घटकाभर पुढ्यातल्या कामाजवळ. कामात गुंतणे म्हणजे विसरणे नव्हे आणि आठवणीत बुडणे म्हणजे खचणे नव्हे. माणूस तगतो तो या ये-जा करण्यामुळे, आणि एकाच टोकाला अडकून पडला तर त्याचे हाल होतात.

हे वाचले त्या क्षणी मला बाबा दिसले. दादाच्या कपाटातले शर्ट तुम्ही घड्या मोडून पुन्हा घालत बसला होता आणि मोत्या साखळी तोंडात धरून दाराशी येऊन उभा राहिला. तुम्ही त्याला हाकलले. तो दोन पावले मागे सरकला, पण गेला नाही. साखळीचे टोक फरशीवर खळखळत राहिले. शेवटी तुम्ही काही न बोलता उठलात, चपला घातल्या आणि एक निळा शर्ट खांद्यावर तसाच असताना त्याला घेऊन बाहेर पडलात. परत आलात तेव्हा शर्ट तुमच्या हातात होता आणि तो तुम्ही कपाटात न ठेवता धुवायला टाकलात. ती ये-जा त्या मुक्या जनावराने तुमच्याकडून करवून घेतली, आणि आम्हा सगळ्यांच्या समजुतीच्या शब्दांनी ते जमले नव्हते. हा प्रसंग सातव्या प्रकरणात जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. शर्टाचा रंगही बदलावा असे मला वाटले नाही. बाबा, तुम्हाला तो नको असेल तर तो जाईल, पण माझी इच्छा तो राहावा अशी आहे.

आईच्या बाबतीत मी वेगळे केले आहे. आई, दादा गेल्यानंतर तू स्वयंपाकघराचे दार लोटून मोत्याशी बोलायचीस, आणि शेजारच्या खोलीत मला ते ऐकू यायचे. जे तू बाबांना, मावशीला, मला, कुणालाच सांगितले नाहीस ते तू त्याला सांगत होतीस. का, हे मला तेव्हा कळले नव्हते. आता कळते असे वाटते. माणसापाशी रडले की माणूस लगेच सावरायला धावतो. ‘त्याचे भोग संपले’, ‘तुम्ही खचलात तर यांच्याकडे कोण बघणार’, असे काहीतरी बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही, कारण समोरच्याचे दुःख त्याला स्वतःलाच सोसत नाही. जनावर सांत्वन करत नाही. तेच वाक्य शंभरदा ऐकले तरी ते कंटाळत नाही, सल्ला देत नाही आणि ऐकलेले बाहेर सांगत नाही. कादंबरीत म्हातारी दार लोटून आत जाते आणि वाचक तिच्या नवऱ्यासोबत बाहेर उभा राहतो. आतले एकही वाक्य मी लिहिलेले नाही. ते शब्द तुझे आहेत. संपादकांना तिथे एक मोठे स्वगत हवे होते. त्यांना मी नाही म्हटले आहे आणि त्यावर पुन्हा चर्चा होणार नाही.

मोत्याने खाणे सोडले होते ते दिवसही पुस्तकात आहेत. पशुवैद्यांनी तपासून शरीरात काही दोष नाही असे सांगितले तेव्हा आपण सगळे म्हणालो की त्याला दादाची आठवण येते. तसे असेलही. पण स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. त्यांनी ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतले कॉर्टिसॉल, म्हणजे दीर्घकाळच्या ताणाची खूण असलेले संप्रेरक, मोजले. मालकिणीची पातळी चढलेली असली की तिच्या कुत्र्याचीही चढलेली आढळली, आणि कुत्रा माणसाचा ताण उचलतो, असा अर्थ संशोधकांनी त्यातून लावला. त्यावरून मोत्याचे निदान करता येणार नाही, हे मला कळते. तरी कादंबरीसाठी मला त्यातून एक धागा मिळाला: कुत्री मेलेल्या मुलीसाठी झुरते आहे असे दोघे समजतात, आणि वाचकाला हळूहळू दिसते की ती या दोघांसाठी झुरते आहे. म्हाताऱ्याच्या हे लक्षात येते तेव्हा तो प्रथमच तिच्या भांड्याशेजारी फरशीवर मांडी घालून आपले ताट घेऊन बसतो. हा प्रसंग पूर्णपणे कल्पित आहे. बाबांच्या गुडघ्यांना मांडी घालता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

राहता राहिला शेवट. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे, त्यामुळे असे पुस्तक हातात घेणारा वाचक पहिल्या पानापासून एका मरणाची वाट पाहत असतो, आणि बहुतेक लेखक त्याला ते देतात. जनावर शेवटी मरते, वाचक रडतो आणि पुस्तक चांगले होते असे म्हणतो. मला हा सौदा स्वस्त वाटतो. ज्या घराने एक मरण सोसले आहे त्या घराला, केवळ पुस्तक संपवायचे आहे म्हणून, दुसरे द्यायचे हे मला जमले नाही. माझ्या कादंबरीत कुत्री म्हातारी होते, तिचे मागचे पाय लटपटू लागतात, म्हातारा तिला जिन्यावरून उचलून खाली आणतो, आणि तिच्यानंतर काय, हा प्रश्न दोघे एकदा उघडपणे बोलतात. म्हातारी म्हणते, पुन्हा नको. म्हातारा काही बोलत नाही. तिथे मी थांबले आहे. मोत्याचे पाय आता कसे आहेत हे आई फोनवर सांगते तेव्हा तुमच्या दोघांत हे बोलणे झाले असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. पण पुस्तकातले उत्तर मी तुमच्याकडून मागत नाही.

वाचण्याबद्दल दोन गोष्टी सांगते. शेवटचे प्रकरण आईने आधी वाचावे आणि बाबांनी ते वाचावे की नाही, हे तिने ठरवावे. जिथे खटकेल तिथे शिसपेन्सिलीने नुसती उभी रेघ मारा, शेजारी कारण लिहिण्याची गरज नाही. रेघ मारलेला मजकूर मी काढेन आणि तो का काढला हे संपादकांनाही सांगणार नाही. संपूर्ण पुस्तकच नको वाटले तर तेही सांगा. प्रकाशकाशी अजून करार झालेला नाही, तो मी मुद्दामच तुमच्या उत्तरापर्यंत लांबवला आहे. अर्पणपत्रिकेचे पान कोरे सोडले आहे. तिथे दादाचे नाव एकट्याचे असावे की मोत्याचेही सोबत असावे, यावर माझे मत आहे, पण आधी तुमचे दोघांचे कळवा.

तुमची,
धाकटी