गणपतीची साफसफाई वेगळी, फ्लूची वेगळी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सध्या पुण्यात घराघरात ताप-खोकला चालू आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये तर एका मजल्यावरचं कुणी उठून बसेपर्यंत दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी आडवं होतंय, आणि त्यात गणपती तोंडावर आलेत म्हणून साफसफाईचा धडाका लागलाय. जळमटं काढून झाली, पडदे धुतले, समया लख्ख झाल्या. छानच आहे, बाप्पासाठी हे करायलाच हवं, पण "साथ चालू आहे ना, म्हणून अख्खं घर फिनाईलने धुवून काढलं" असं लिफ्टमध्ये कुणी सांगितलं की राहवत नाही. अहो, फरशी कोण चाटतंय?

फ्लूचा विषाणू स्टील, प्लॅस्टिक अशा गुळगुळीत वस्तूंवर २४ ते ४८ तास तग धरू शकतो, कापडावर आणि कागदावर त्याहून बराच कमी. म्हणजे धुतलेल्या पडद्यांपेक्षा टीव्हीचा रिमोट महत्त्वाचा. फ्रिजचं हँडल, बाथरूमची कडी, गॅसची बटणं, स्विचबोर्ड, आणि सगळ्यात आधी मोबाईल. पोरगं तापाने किरकिर करतंय म्हणून त्याच्या हातात मोबाईल द्यायचा, ते त्यावर शिंकणार, आणि मग गावाहून फोन आला की तोच मोबाईल आजीच्या कानाला! आणि बेसिनजवळचा तो एकुलता एक नॅपकिन, सकाळपासून ओलाकिच्च, पावसात वाळतच नाही, आजोबा त्यालाच तोंड पुसतात, शाळेतून आलेली नात त्यालाच, येणारा-जाणारा पाहुणाही त्यालाच. तो दिवसातून दोनदा बदला किंवा प्रत्येकाचा वेगळा खिळा ठोका, महागड्या स्प्रेच्या नादाला लागायची गरज नाही. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, ते साध्या साबणाने फुटतं, फक्त हात २० सेकंद नीट चोळायला हवेत, आपण नुसते ओले करून झटकतो. आजाऱ्याची भांडीही नेहमीच्या साबणाने घासली की पुरे. ब्लीच वापरायचंच असेल तर बाजारात मिळतं त्या ४-५ टक्केवाल्यातले चार चहाचे चमचे लिटरभर पाण्यात टाका आणि कड्या, नळ पुसा, पण ते टॉयलेट साफ करायच्या अॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो, फ्लू राहिला बाजूला आणि अॅडमिट व्हावं लागेल.

हे सगळं केलं तरी फ्लू मुख्यतः पसरतो खोकल्या-शिंकण्यातून, हवेतून. आणि पावसाळ्यात आपण काय करतो तर सगळ्या खिडक्या गच्च लावून हॉलमध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतो! डास येतात हे मान्य, मग जाळी लावा, पण खिडकी उघडा. वन बीएचकेमध्ये आजाऱ्याला वेगळी खोली कुठून आणणार, म्हणून निदान त्याचं अंथरूण खिडकीपाशी घाला, बाकीच्यांनी लांब झोपा, आणि त्याच्याजवळ झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवा म्हणजे नाक पुसलेले कागद उशीखाली जमणार नाहीत. औषधांचंही तेच, थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी एका डब्यात ठेवा, रात्री दोन वाजता सगळे ड्रॉवर उपसत बसू नका. आणि गेल्या वर्षीची उरलेली अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप त्या डब्यात नको, फ्लूवर तिचा उपयोग शून्य.

२००९ आठवतंय ना? स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यातच झाला होता, शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, आणि निम्मं शहर कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगत फिरत होतं. ऑगस्ट होता तो, ऐन पावसाळा. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यातच जास्त असतो, थंडीच्या शेवटी थोडा परत येतो. तरी पुरवण्यांमध्ये फ्लूवरचे लेख येतात डिसेंबरात, स्वेटर घातलेल्या गोऱ्या बाईच्या फोटोसकट. तेवढं जरा बघा. साफसफाईचं जूनमध्ये छापा आणि लसीचं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पाऊस यायच्या आत घेता येईल.

अजून एक, आणि खरं तर यासाठीच पत्र लिहायला घेतलं. घरकामाच्या मावशी चार-पाच घरं करतात. एक दिवस नाही आल्या की आपण खाडा धरतो, मग त्या अंगात ताप असला तरी गोळी घेऊन येतात, आणि आपण त्यांच्याकडूनच कड्या आणि रिमोट पुसून घेतो! फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. आमच्या मजल्यावर ठरवलंय की ताप असेल तर मावशींनी यायचं नाही, पैसे कापायचे नाहीत, आणि भांडी घरातल्या सगळ्यांनी वाटून घासायची, पुरुषांनीसुद्धा. दोन घरांनी अजून हो म्हटलेलं नाही, त्यातल्या एका घरी रोज पेपर येतो तुमचाच, म्हणून म्हटलं छापून आलं तर बरं.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे