रायफल घेण्याआधी नळीवरचा शिक्का वाच

नागपूर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे रायफलीचे फोटो मिळाले. तुझ्या गावचे ते वयस्कर परवानाधारक आपली लिव्हर-ॲक्शन (चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस चढवायची) रायफल तुला द्यायला तयार आहेत, पुढच्या आठवड्यात बयाणा द्यावा असे तुझ्या मनात आहे, आणि मी नुकतीच तशीच रायफल घेतली असल्यामुळे माझे मत तुला हवे आहे. मत सांगतो, परंतु नळीवरचा शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस, हे आधी सांगतो.

याचे कारण तुझ्या दुसऱ्या फोटोत आहे. चापाच्या पुढे, खालच्या बाजूला पेटीसारखा जो भाग दिसतो, त्यावरून ही विंचेस्टर या अमेरिकन कंपनीची १८९५ ची बनावट असावी. माझी रायफल १८९४ च्या बनावटीची आहे, म्हणजे तिच्यात नळीच्या खाली दुसरी बारीक नळी असते आणि काडतुसे तिच्यात एकामागे एक आडवी राहतात. दोन्ही रायफली जॉन ब्राउनिंग या एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या. पण तुझ्या दृष्टीने त्यांच्यातला फरक मोठा आहे. १८९५ ची रायफल कंपनीने पुष्कळ बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या मापांत, विकली. .४०५ ही तिची प्रसिद्ध बोअर, त्याशिवाय .३०-४० आणि .३०-०६, आणि ब्रिटिश .३०३ सुद्धा. आता .३०३ आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते, हे तू जाणतोसच. नळीवर तो आकडा असेल, तर ती रायफल कितीही देखणी असली आणि ती विकणारे ते काका कितीही सज्जन असले, तरी तुझ्या साध्या परवान्यावर ती चढणार नाही. त्यांच्या परवान्यात काय लिहिले आहे तेही बघ, परंतु विश्वास ठेवायचा तो लोखंडावर कोरलेल्या अक्षरांवर. कागदावर कारकुनाने काय उतरवले असेल ते सांगता येत नाही.

माझ्या खरेदीची हकीकत अशी. एका दिवंगत परवानाधारकाच्या वारसांनी ही रायफल शहरातील एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली होती आणि वारसांपैकी कोणालाही ती ठेवायची नव्हती. वडिलांची बारा बोअरची बंदूक माझ्या परवान्यावर आहेच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, तेव्हा उरलेली एक जागा कशासाठी खर्च करावी याचा मी बराच काळ विचार करत होतो. सुलोचनेचे म्हणणे होते की ती जागा रिकामी ठेवली तरी कोणी रागावणार नाही. तिचे म्हणणे बरोबरही होते, पण विक्रेत्याने पेटीतून ती काढून माझ्या हाती दिली आणि लिव्हर एकदा खाली-वर केल्यावर माझा निर्णय झाला.

अनुक्रमांक यंत्रणेच्या पुढच्या टोकाला, खालच्या बाजूस कोरलेला असतो. माझ्या रायफलीचा क्रमांक एकोणीस लाखांच्या घरातला आहे. कंपनीने या बनावटीची पंधरा लाखावी रायफल १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना आणि वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना भेट दिली होती, त्यामुळे माझी या दोघांच्या मधली आहे एवढे निश्चित समजायला हरकत नाही. तारखेचा हा खटाटोप हौसेपोटी नव्हे. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी काही भाग घडीव पोलादाऐवजी ठोकलेल्या पत्र्याचे केले, आणि जाणकार आजही त्याआधीच्या रायफलींनाच मान देतात. सत्तावीस लाखांच्या पुढचे क्रमांक नंतरच्या बनावटीचे असतात. तुझ्या बाबतीत हा प्रश्न येणार नाही, कारण १८९५ ची मूळ बनावट त्याच्या कितीतरी आधीच बंद झाली होती.

आता तपासणी. दस्त्याला पॉलिश कसे आहे, काळा-निळा मुलामा किती उरला आहे, याकडे लोक आधी पाहतात. मी म्हणतो, नळीचे तोंड आधी पाहावे. या रायफलींची यंत्रणा मागून बंद असते, त्यामुळे ती खोलल्याशिवाय साफ करण्याची सळई मागच्या बाजूने सरळ घालता येत नाही. साठ-सत्तर वर्षे प्रत्येक मालकाने, त्याच्या नोकराने आणि त्या नोकराच्या पोराने सळई तोंडातूनच आत-बाहेर केलेली असते. सळई एका कडेला घासत राहिली की तेथील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) झिजतात, तोंड किंचित लांबट होते, आणि मग आतली नळी आरशासारखी असली तरी गोळी नेमावर जात नाही. विक्रेत्याने मला त्या बोअरची एक सुटी गोळी दिली. ती मी तोंडात अलगद टेकवली, तेव्हा टोकाचा थोडाच भाग आत गेला आणि ती अडली. सभोवतालची फट सगळीकडे सारखी होती. झिजलेल्या नळीत ती कडेपर्यंत खाली उतरते. मग लिव्हर उघडून यंत्रणेत पांढऱ्या कागदाचा कपटा धरला, त्यावर बॅटरीचा उजेड पाडला आणि तोंडाकडून आत पाहिले. मागच्या बाजूला, काडतूस बसते त्याच्या जरा पुढे, काळसर बारीक खड्डे होते. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नीट धुतला गेला नाही की असे होते. ते आट्यांपर्यंत फारसे पोचलेले नव्हते, म्हणून मी ते भावात वळते करून घेतले.

स्क्रूच्या खाचाही बघ. त्या चेंबलेल्या असतील तर घरच्या पेचकसाने कोणीतरी पोट उघडलेले आहे. दस्त्याच्या मानेपाशी, लाकूड लोखंडात शिरते तेथे, केसासारखी भेग असू शकते. पॉलिशखाली ती लपते, तेव्हा बोटाच्या नखाने चाचपून पाहा. आणि गावातील अनुभवी मिस्त्री कितीही चांगला असला, तरी काडतुसाच्या कोठीची खोली मापून देणारा माहितगार गनस्मिथ गाठल्याशिवाय गोळी झाडू नकोस.

कागदांचे मी थोडक्यात सांगतो. माझा व्यवहार विक्रेत्यामार्फत झाला, त्यामुळे परवान्यावर नोंद होईपर्यंतच काय ते थांबावे लागले. तुझा व्यवहार खाजगी आहे. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवायचा असतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. काकांना घाई असेल तर त्यांना हे नम्रपणे समजावून सांग आणि अर्जाच्या पोचेची प्रत स्वतःजवळ ठेव.

झाडण्याविषयी तू उत्सुकतेने विचारले आहेस. शहराबाहेरच्या रेंजवर परवानगी काढून हिवाळ्यातील एका सकाळी मी तिची चव घेतली. माझ्या रायफलीचे .३०-३० चे १७० ग्रेनचे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) काडतूस सेकंदाला सुमारे २२०० फुटांच्या वेगाने गोळी सोडते. धक्का बारा बोअरपेक्षा सौम्य, परंतु दस्त्याच्या टोकाला लोखंडी अरुंद पट्टी असल्यामुळे तो खांद्यात टोचतो. काडतुसे उजव्या बाजूच्या स्प्रिंगच्या दारातून एकेक ढकलायची असतात. पहिले पूर्ण आत लोटले की दार बंद होऊन अंगठ्याचे कातडे चिमटते. म्हणून प्रत्येक काडतूस थोडे बाहेर ठेवून पुढच्याने त्याला आत रेटावे, ही युक्ती तेथील एका वृद्ध नेमबाजांनी दाखवली. लिव्हर हळुवारपणे चालवून उपयोग नाही. ती शेवटपर्यंत पुढे आणि तितक्याच ठामपणे मागे घ्यावी लागते, नाहीतर काडतूस अर्ध्यावर तिरके होऊन अडकते. रिकामे टरफल वरच्या दिशेने उडते, म्हणून या जुन्या रायफलींवर दुर्बीण नीट बसत नाही आणि नळीच्या टोकाची माशी व मागची खाच यांवरच नेम धरावा लागतो. माझ्या डोळ्यांच्या वयाला शंभर यार्ड ही मर्यादा ठीक आहे. शंभरवर नेम बसवला तर दोनशेवर गोळी आठ-नऊ इंच खाली जाते.

घोड्याच्या, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आघात करवणाऱ्या मागच्या हातोडीच्या, बाबतीत मात्र सावध राहा. या बनावटीला वेगळा सेफ्टीचा खटका नाही. घोडा अर्ध्यावर आणून ठेवणे हीच सुरक्षा, आणि भरलेल्या रायफलीचा घोडा अंगठ्याने खाली सोडावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात घामट अंगठ्याने हे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तू लिहिलेस की कपाशीत आणि तुरीत रानडुकरे फार झाली आहेत, त्यासाठी ही रायफल उपयोगी पडेल. येथे मी तुझ्याशी सहमत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि पिकाच्या नुकसानीपायी जनावर मारायचे तर अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश हातात असावा लागतो. तो मिळाला तरी रात्रीच्या शेतात, पलीकडच्या धुऱ्यावर कोण आहे हे दिसत नसताना, मैलभर जाणारी गोळी झाडणे मला पटत नाही. शिवाय आपल्याकडे .३१५ ची काडतुसे जशी मिळतात तशी .४०५ ची मिळत नाहीत. बाहेरून आलेली मिळाली तर त्यांचा भाव ऐकून तू डुकराला तूर खाऊ देशील. यंत्राची हौस म्हणून, वर्षातून काही गोळ्या रेंजवर झाडण्यासाठी घेणार असशील तर अवश्य घे. शेतासाठी घेणार असशील तर नको.

तेव्हा काकांकडे जाशील तेव्हा नळीवरील आकडा, अनुक्रमांक आणि नळीचे तोंड, या तिन्हींचे जवळून फोटो काढून मला पाठव. आकडा .३०३ नसेल तर पुढच्या रविवारी मी बॅटरी आणि एक सुटी गोळी घेऊन तुझ्याकडे येतो, आपण दोघे मिळून पाहू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकर