व्यायामाच्या कॅलरी : हिशेब निव्वळ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन कमी करताना व्यायामात जळालेल्या कॅलरी परत खाव्यात का, असा एका वाचकाचा प्रश्न आपल्या आरोग्य पुरवणीत होता. उत्तर एका ओळीत उरकले होते : ‘अजिबात नाही, मग व्यायाम केला कशाला?’ मी निवृत्त गणित शिक्षिका आहे. उदाहरण पूर्ण न वाचता उत्तर लिहून वही मिटणारी मुले वर्षानुवर्षे पाहिली, त्यामुळे राहवले नाही. हेच उत्तर माझ्यापुरते ठीक आहे आणि माझ्या भाचीच्या बाबतीत धोक्याचे.

पहिला प्रश्न असा, की ‘रोज इतक्या कॅलरी खा’ हा आकडा मुळात आला कुठून? बहुतेक ठिकाणी तो 1990 साली मांडलेल्या मिफ्लिन-सेंट जोर सूत्रातून येतो. किलोतले वजन गुणिले 10, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. पुरुष असाल तर त्यात 5 मिळवा, बाई असाल तर 161 वजा करा. माझे वजन 70 किलो, उंची 160 सेंटिमीटर, वय 60. उत्तर 1239. हा नुसते पडून राहण्याचा खर्च. मग त्याला हालचालीच्या आकड्याने गुणतात : बैठ्या माणसाला 1.2, हलका व्यायाम करणाऱ्याला 1.375. पहिल्याने माझा दिवसाचा खर्च 1487 येतो, दुसऱ्याने 1704. फरक 217 कॅलरींचा. ज्याने दुसरा पर्याय निवडला त्याला चालण्याच्या कॅलरी सकाळीच मिळून चुकल्या आहेत. संध्याकाळी चालून आल्यावर त्याने त्या पुन्हा घेतल्या, की तीच रक्कम दोनदा उचलली. अ‍ॅपने ‘तुम्ही किती सक्रिय आहात?’ विचारल्यावर स्वतःबद्दल कोण हात आखडता घेतो, सांगा.

मी 1.2 निवडला, म्हणजे चालणे हिशेबाबाहेर राहिले. मग तरी घड्याळ दाखवते त्या कॅलरी खाव्यात का? तासभर चालले की माझे घड्याळ 310 च्या आसपास दाखवते. व्यायामशास्त्रात विश्रांतीचा खर्च दर किलोला तासाला साधारण एक कॅलरी धरतात आणि ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणे त्याच्या सुमारे साडेतीन पट. 70 गुणिले साडेतीन, 245. पण चालले नसते तर तो तास मी खुर्चीत बसून काढला असता आणि त्यातही 70 गेल्याच असत्या. त्या 1487 मध्ये आधीच मोजलेल्या आहेत. चालण्याने जादा जळाल्या त्या 175. खरे तर हाही आकडा सैल आहे. माझ्या 1239 ला 24 ने भागले तर विश्रांतीचा खर्च तासाला 52 येतो, 70 नव्हे. पण 175 च धरू.

आता घड्याळ. 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणे 60 जणांवर तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहा उपकरणांनी चांगले मोजले, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरी मोजण्यात मात्र सर्वात बऱ्या उपकरणाची सरासरी चूक 27 टक्के होती आणि सर्वात वाईटाची 93 टक्के. घड्याळ ठोके मोजते, कॅलरींचा अंदाज बांधते, आणि दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत दाखवते.

त्यात शरीरही गप्प बसत नाही. ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात 2021 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसले, की हालचालीसाठी लागलेल्या जादा ऊर्जेपैकी सरासरी 28 टक्के शरीर दुसरीकडे काटकसर करून भरून काढते. माझ्या 175 मधल्या उरल्या 126.

समजा, मी रोज 250 कॅलरींची तूट ठरवली आहे आणि घड्याळाचे ऐकून 310 परत खाल्ल्या. 250 अधिक चालण्याच्या 126, वजा 310 : तूट राहते 66. एक किलो चरबीला ढोबळमानाने 7700 कॅलरी धरल्या तर किलोभर उतरायला 117 दिवस. काहीच परत खाल्ले नाही तर तूट 376 आणि तेच काम वीसेक दिवसांत. प्रत्यक्षात शरीर इतके सरळ भागाकार करत नाही, वजन उतरते तसा खर्चही घटतो. पण फरक किती मोठा आहे ते कळायला एवढे पुरे. ‘जळालेल्यातल्या अर्ध्याच खा’ असा तोडगा सांगितला जातो, त्याचे मूळ या सगळ्या वजाबाक्यांत आहे. तासभर चालण्यासाठी मला तोही नको.

भाचीचे गणित निराळे. ती लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करत होती आणि सोबत वजनही उतरवत होती. वजन 60 किलो, त्यातले चरबी वगळून 48. रोज 1800 कॅलरी खायची, ‘परत खायचे नाही’ हा नियम निष्ठेने पाळायची. धावण्याचा खर्च दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे जवळजवळ एक कॅलरी असतो. 16 किलोमीटरचे 960, बसल्या जागी जळणाऱ्या वजा जाता सुमारे 900. उरलेल्या 900 कॅलरींत हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके या सगळ्यांनी भागवायचे. 900 भागिले 48, म्हणजे चरबी वगळलेल्या वजनाच्या दर किलोमागे 19 सुद्धा नाही. हा आकडा बराच काळ 30 च्या खाली राहिला तर शरीर एकेक काम बंद करू लागते, असे क्रीडावैद्यक सांगते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या स्थितीला स्वतंत्र नाव दिले. ती पुरुष खेळाडूंनाही होते. भाचीची पाळी थांबली, पाठोपाठ नडगीच्या हाडाला बारीक भेग गेली. वजन उतरतेय म्हणून तोवर सगळे कौतुकच करत होते. मीही. तिला अशा दिवशी किमान 2340 कॅलरी (48 गुणिले 30, अधिक धावण्याच्या 900) हव्या होत्या. तिने परत खायलाच हवे होते, आणि तेही अर्धे नव्हे.

खात्री करायला वजनकाटा आहेच, पण रोजच्या आकड्यावर जाऊ नये. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरतात, वजन वर गेल्यासारखे दिसते. आठवड्याची सरासरी काढावी आणि तीन-चार आठवडे पाहावी. ठरवल्यापेक्षा वेगाने उतरत असेल, झोप बिघडली असेल, जिना चढताना जीव जात असेल, तर खाणे वाढवावे, मग घड्याळ काहीही म्हणो.

एक विनंती. ‘कोणत्या व्यायामाने तासाला किती कॅलरी जळतात’ अशी कोष्टके पुरवणीत अधूनमधून येतात. किती किलोच्या माणसासाठी आणि किती वेगाने, हे त्यांत लिहिलेले नसते. 50 किलोच्या मुलीला आणि 90 किलोच्या पुरुषाला एकच आकडा कसा चालेल? यापुढे वजन आणि वेग द्यावा, आणि शेजारी आणखी एक रकाना आखून त्यात बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी वजा केलेला आकडा छापावा. आकडेमोडीला माणूस कमी पडत असेल तर मी मोकळीच आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका