300 मोहरांचा हिरा

प्रिय नमे,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. हवं तेवढं बोल, ऐकून घेईन. माझी पाठ बरी आहे, आईही बरी. लिहायला बसले ती रविवारच्या सेशनमुळे. घरात सांगायचं तर डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे काय, पात्रं घेऊन फाशांवर खेळायची गोष्ट आणि मी ती चालवणारी डंजन मास्टर (डीएम), इथपासून सुरुवात.

चिमीची पॅलाडिन, खेळातली तिची योद्धा, गेली. पुलावर एकटी उभी राहिली म्हणून बाकीचे निसटले. एक डेथ सेव्ह, मरता मरता वाचायची फाशांवरची संधी, आधीच हुकली होती, पुढच्या फाशावर 1 पडला. म्हणजे आणखी दोन हुकल्या, तीन झाल्या, संपलंच. चिमीने कॅरेक्टर शीट उलटी ठेवली आणि म्हणाली, "तिचं झालं. ती परत येणार नाही." दोन वर्षं खेळली गं तिला, आणि इतक्या शांतपणे म्हणाली!

तेवढ्यात दाद्याने रिव्हिव्हिफाय, मेलेल्याला परत आणायचा स्पेल (मंत्र), टाकला. त्याला लागणारा 300 मोहरांचा हिरा होता, स्पेल टाकायचा स्लॉट होता. मिनिटभराची मुदत, म्हणजे दहा राउंड, त्यातले तीनच गेलेले. चिमी म्हणाली, "पण तिला यायचं नाहीये." दाद्याने पुस्तक उघडलं. रेझ डेड या तशाच दुसऱ्या स्पेलमध्ये चक्क लिहिलंय की आत्मा राजी हवा आणि मोकळा हवा. रिव्हिव्हिफायमध्ये तसं काहीच नाही. एकाच पुस्तकात एकीकडे अट घातली, दुसरीकडे नाही, तर ती चुकून राहिली असं कसं म्हणायचं? शिवाय मिनिटभरात आत्मा जाऊन जाऊन जाणार किती लांब? म्हणून तर हा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आणि रेझ डेड पाचव्या!

मला पटलं, नमे. अगदी मनापासून पटलं. मी म्हटलं, स्पेल लागू. चिमीने शीट सुलटी केली, हिट पॉइंट्सच्या, म्हणजे जीव किती उरला त्या, जागी पेन्सिलने 1 लिहिला. मग दीड तास, तिची पाळी आली की "मी थांबते", एवढंच.

रात्री झोप येईना म्हणून डंजन मास्टर्स गाइड काढलं. आपलं 2014 चंच, तुझ्या चहाचा डाग पडलेलं. पान 24. आत्म्याची इच्छा नसेल तर त्याला परत आणता येत नाही. बोलावणाऱ्याचं नाव, अलाइनमेंट (बऱ्या-वाईटाकडचा कल), देव, सगळं त्याला कळतं आणि त्यावरूनही तो नाही म्हणू शकतो. हे दाद्याला कुठून दिसणार? डीएमचं पुस्तक माझ्याकडे, बघायचं मी होतं. 2024 च्या आवृत्तीत तर हे खेळाडूंच्याच पुस्तकात, 'डेड' या शब्दाखाली, रिव्हिव्हिफायचं नाव घेऊन घातलंय.

तू डीएम होतीस तेव्हा मला गॉब्लिनच्या, त्या छोट्या राक्षसाच्या, फुफ्फुसात स्पेलने पाणी भरू दिलं नव्हतंस, आठवतं? स्पेलमध्ये लिहिलेलं, दहा गॅलन, 'उघड्या भांड्यात'. तोंड उघडं असलं म्हणून माणूस पातेलं होत नाही, म्हणालीस. गॉब्लिन माणूस नाही यावर मी तासभर भांडले. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही.

पण दुसरं सोडते. माझा विझार्ड गेला तेव्हा तू फासे बाजूला ठेवून आधी मला विचारलंस, "यायचंय का त्याला?" नियमात नाही ते मध्ये का आणतेस म्हणून मी चिडले, आठवडाभर बोलले नाही. तुला पान 24 माहीत होतं. तरी तू ते पुस्तक माझ्यासमोर धरलं नाहीस.

आता काय करू? निर्णय मागे घेतला तर दाद्याला हिरा आणि स्लॉट परत देता येईल. पण चिमीचा तो पूल? तिने शीट उलटी ठेवली तो क्षण परत कसा आणू? की सगळ्यांच्या आधी तिला एकटीला भेटून विचारू? मेसेज केलाय, उत्तर नाही.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? काकूंचा गुडघा? सोन्याच्या लग्नाला येणार आहेस ना, तिकीट काढ लवकर.

रविवारच्या आत फोन कर. तेव्हा मी "नको" म्हटलं असतं तर तू काय करणार होतीस, ते मला ऐकायचंय.

तुझी,
रेवा