चिंकाऱ्याच्या माळावर झाडे लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस जवळ आला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात. ‘उजाड माळरान हिरवेगार करणार’ असे त्यांचे मथळे. ज्या माळाला या बातम्या उजाड म्हणतात, त्याच्या कडेला शेती करण्यात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते चिंकाऱ्यासाठी राखले गेले. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्यात चिंकारा कसा मावणार? तो गायरानात येतो, वनखात्याच्या माळांवर येतो, आमच्या हरभऱ्यातही येतो. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच यादीत, त्याचे नाव आहे. जागतिक यादीत मात्र तो संकटग्रस्त धरला जात नाही, कारण तिकडे राजस्थानात त्याची संख्या बरी आहे. त्या आकड्याने आमच्या माळावरचा चिंकारा वाचत नाही.

लोक त्याला हरीण म्हणतात, पण तो कुरंग. शिंगे गळत नाहीत, मादीलाही बारीक शिंगे असतात. अंगापिंडाने शेळीएवढा, वीस-बावीस किलोचा. पाण्यावाचून दिवसच्या दिवस दवावर आणि पाल्यावर काढतो. लांबून पाहायचे आणि पळायचे, एवढेच त्याच्या हाती आहे. त्यासाठी त्याला मोकळे रान लागते.

काही वर्षांपूर्वी चैत्रात, पहाटे विहिरीकडे जाताना, कुसळीच्या वाळल्या गवतात एक पाडस दिसले. कान पाठीला चिकटवलेले, मान जमिनीला टेकवलेली. दोन पावलांवर जाईपर्यंत मला ते ढेकूळच वाटले. थोड्या अंतरावर आई उभी होती. काळी शेपटी सारखी हलत होती, मध्येच पाय आपटून शिंकल्यासारखा आवाज काढत होती. मी आल्या पावली मागे फिरलो. आठच दिवसांत तिथे जेसीबी लागला. सलग समतल चर निघाले, खड्डे पडले, पावसाळ्यात गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची, रोपे लागली. आज तिथे गिरिपुष्पाची दाटी आहे आणि खाली गवताची काडी नाही. मेंढरे तोंड लावत नाहीत, चिंकारा तिकडे फिरकत नाही. कागदावर ही लागवड यशस्वी म्हणूनच नोंदली गेली असणार.

झाडांना माझा विरोध नाही. बांधावर, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात जरूर लावा. माझ्या बांधावरची चिंच आणि कडुनिंब मीच वाढवले आहेत. पण पर्जन्यछायेतला हा मुलूख मुळातला गवताचा. एखादी बोर, एखादा हिवर, मधूनच बाभूळ, आणि बाकी सगळे पवन्या, मारवेल, कुसळी. ज्या जमिनीतून सारा येत नसे ती इंग्रजांनी पडीक ठरवली आणि तोच शब्द आपण आजही वागवतो आहोत. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हाही रिकामी जागा म्हणून नजर गेली ती माळांवरच. एकदा पडीक म्हटले की झाडे लावा, प्लॉट पाडा, शेड उभारा, कोणी विचारत नाही. याच पडीक जमिनीवर लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे, चंडोल आहे, धनगरांची मेंढरे आहेत. सोलापूरकडे नान्नजच्या माळावर एकेकाळी सहज दिसणारा माळढोक आता एखादा दिसला तरी बातमी होते.

वनखात्याला माझी विनंती आहे की गवताळ माळांची वेगळी नोंद करावी आणि तिथे एकही खड्डा पाडू नये. जिथे गिरिपुष्प माजला आहे तिथून तो काढून गवताचे बी टाकावे. ग्रामपंचायतींनी पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर टाकणे बंद करावे. त्यावर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या पाडसे फाडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आम्हा शेतकऱ्यांकडूनही चुका होतात. ऐन उन्हाळ्यात चिंकाराही पाण्याकडे वळतो आणि शेततळ्याचा प्लास्टिक कागद इतका निसरडा असतो की उतरलेले जनावर वर येऊ शकत नाही. माझ्याच तळ्यात एक नर असा बुडून मेला. सकाळी तो बाहेर काढला तेव्हा कागदावर त्याच्या खुरांचे ओरखडे पाण्यापासून वरपर्यंत दिसत होते. त्यानंतर मी तळ्याच्या चारही बाजूंना जाड दोर आणि त्यांना बांधलेली मातीची पोती सोडली आहेत. खर्च फार नाही, एका दुपारचे काम आहे. आमच्या भागात ज्यांची शेततळी आहेत त्यांनी कधीही यावे, दोर कसे बांधायचे ते मी दाखवतो.

आपला,
एक शेतकरी वाचक
सुपे परिसर, ता. बारामती, जि. पुणे